काट्यावर हवा दिसते, ब्रेक नव्हे

महोदय,

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघाताची बातमी बहुधा ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढ्यावर थांबते. हवेचा ब्रेक असलेल्या ट्रॉलीबाबत हे कारण अपुरे आहे. हा ब्रेक सहसा एकाएकी जात नाही. तो हळूहळू ढिला पडत जातो आणि चालकासमोरच्या हवेच्या दाबाच्या काट्याला त्याचा पत्ताही नसतो. काटा ८ बार (बार हे दाबाचे माप) दाखवतो, म्हणजे टाकीत हवा आहे. ड्रममधला लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) किती जोराने दाबला जाईल, हे त्यावरून कळत नाही.

दोन पाइपांच्या पद्धतीत लाल पाइप ट्रॉलीची टाकी भरतो, तर पिवळा पेडलचा दाब ट्रॉलीपर्यंत नेतो. लाल पाइप सुटला किंवा तुटला, तर ट्रॉलीवरचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह तिच्याच टाकीतली हवा चेंबरमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्यात, सोडून ब्रेक लावतो. पिवळा जोडायचा राहिला तर मात्र काहीच बोंब होत नाही. टाकी भरते, ब्रेक सुटतात, ट्रॉली मजेत चालते. पेडल दाबल्यावर थांबायचे काम एकटा ट्रॅक्टर करतो. म्हणून जोडताना आधी पिवळा, मग लाल. सोडवताना आधी लाल, मग पिवळा. गळती तपासण्याचेही असेच आहे. पिवळ्या बाजूची गळती पेडल दाबल्याशिवाय दिसत नाही. टाकी भरून इंजिन बंद करावे, एकाने पेडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने कपलिंग (पाइप जोडायची जागा), चेंबर व पाइपांचे जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. कपलिंगमधला रबरी वॉशर धुळीने खराब होतो, म्हणून सोडवलेले पाइप लोंबत न ठेवता ठरलेल्या जागी अडकवावेत.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पुशरॉडची चाल, म्हणजे चेंबरमधून बाहेर येऊन ब्रेक लावणारा दांडा किती सरकतो ते अंतर. ३० क्रमांकाच्या चेंबरच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३० चौरस इंच असते. ६ बार दाबाला तो सुमारे १,२०० किलोचा जोर देतो. पण त्याची पूर्ण चाल साधारण ६४ मिलिमीटरच असते. लायनर झिजला की चाल वाढते. लांब उतारावर ड्रम तापून फुगला की ती आणखी वाढते. चाल संपली की पुशरॉड टेकतो आणि मग हवा कितीही असली तरी तिचा जोर लायनरपर्यंत पोचत नाही. ‘सकाळी ब्रेक चांगले होते’ हे चालकाचे म्हणणे अनेकदा खरेच असते, कारण सकाळी ड्रम थंड होता.

मोजणी अवघड नाही. चाकांखाली ठोकळे लावा, पार्किंग ब्रेक सोडा, चेंबरच्या तोंडाशी पुशरॉडवर खडूने खूण करा, सुमारे ६ बार दाबाने ब्रेक लावा आणि खूण किती पुढे आली ते मोजा. ३० क्रमांकाच्या साध्या चेंबरला ५० मिलिमीटरच्या वर, २० व २४ क्रमांकाच्या साध्या चेंबरला ४४ च्या वर चाल गेली, तर ब्रेक जुळवायलाच हवा. लाँग स्ट्रोक (जास्त चालीच्या) चेंबरची मर्यादा वेगळी असते. हाताने जुळवायच्या स्लॅक अॅडजस्टरमध्ये (पुशरॉडला ब्रेकशी जोडणारी, चाल कमी-जास्त करता येणारी तरफ) लॉकची बाही आत दाबून, लायनर ड्रमला टेकेपर्यंत नट फिरवावा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यावा. बाही पुन्हा बाहेर आली की नाही हे जरूर पाहावे. न आल्यास जुळवणी आपोआप सुटते. स्वयंचलित अॅडजस्टर वारंवार हाताने आवळावा लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे. तिथे पाना चालवणे म्हणजे रोग झाकणे.

ट्रॉलीवर भारानुसार दाब ठरवणारा हाताचा व्हॉल्व्ह असेल, तर माल भरूनही तो ‘रिकामी’वर राहिल्यास चेंबरला अपुरी हवा मिळते. उलट रिकाम्या ट्रॉलीत तो ‘भरलेली’वर असेल तर चाके जाम होऊन घसरतात. दोन्ही वेळा काटा तोच.

टाकीतले पाणी रोज काढावे. ते दुधाळ निघाले तर कॉम्प्रेसर हवेबरोबर तेल सोडतो आहे, असे समजावे. ते तेल व्हॉल्व्हमधले रबर खराब करते. आणि रस्त्यावर डावे-उजवे ब्रेक पेडल खिट्टीने जोडलेलेच हवेत. अनेक ट्रॅक्टरांत दोन्ही पेडले एकत्र दाबल्याशिवाय ट्रॉलीचा ब्रेक लागतच नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे साध्या हिशोबात दिसते. ५ टनांचा ट्रॅक्टर आणि १० टनांची ट्रॉली ताशी ४० किलोमीटरने जात आहे. दोघांचेही ब्रेक नीट लागले तर ब्रेक लागल्यापासून सुमारे १२ मीटरवर थांबता येते. एकट्या ट्रॅक्टरने तेवढाच जोर लावला तर तेच अंतर सुमारे ३७ मीटर होते. शिवाय मागून रेटणारी ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा फिरवू शकते, तो धोका वेगळाच.

उभ्या ट्रॉलीबद्दलही एक. लाल पाइप काढल्यावर लागलेला ब्रेक टाकीतल्या हवेवर असतो आणि ती हवा गळत गेली की ब्रेक सुटतो. त्याला पार्किंग ब्रेक समजू नये. यांत्रिक हँडब्रेक किंवा स्प्रिंग ब्रेक (हवेऐवजी स्प्रिंगच्या जोराने लागणारा) लावून चाकांखाली ठोकळे द्यावेत, मगच ट्रॅक्टर बाजूला घ्यावा.

— ट्रेलर ब्रेकच्या कामातील एक वाचक