थंडीत स्विमिंग टँक रिकामा करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आपल्या अंकात आली की मला फोन सुरू होतात. कुणी म्हणतं, "आता कोण पोहतंय, टँक रिकामा करून टाका." कुणी विचारतं, "मोटर बंद करून ठेवू का? होळीनंतर बघू." नाशिक शहर, त्र्यंबक रस्ता आणि इगतपुरीच्या बाजूला बंगल्यांमधले जे स्विमिंग टँक आहेत, त्यांची देखभाल हा माझा पोटापाण्याचा धंदा. टँक रिकामा करून पुन्हा भरायचा म्हटलं तर मला काम मिळतं, शेवाळाने हिरवा पडला तर त्याहून जास्त मिळतं. तरीही मी प्रत्येकाला सांगतो, की या दोन्हीतलं काही करू नका.

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल टँकमध्ये जवळपास ४५ हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. हे पाणी डिसेंबरात गटारीला सोडायचं आणि मार्चमध्ये, ऐन टंचाईच्या तोंडावर, बोअर उपसून किंवा टँकर मागवून पुन्हा भरायचं. ज्या जिल्ह्यात जायकवाडीला पाणी सोडण्यावरून कोर्टकचेऱ्या होतात, जिथे उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात, तिथे हे मला पटत नाही. नीट राखलेलं पाणी एका हंगामात खराब होत नाही. पावसाळ्यात त्यात ताजं पाणी पडतं, जादाचं वाहून जातं, आणि तेच पाणी पुढची दोन-तीन वर्षं सहज चालतं.

रिकामा टँक सुरक्षित असतो, हाही समज चुकीचा आहे. आतलं पाणी टँकच्या तळाला वजनाने दाबून धरतं. पावसाळा संपला तरी जमिनीत पाणी भरलेलं असतं, इगतपुरीकडे तर विहिरी तुडुंब असतात. अशा वेळी टँक रिकामा केला की जमिनीतलं पाणी तळाला खालून वर ढकलतं. घोटीच्या पुढे एका बंगल्यात मालकांनी नोव्हेंबरात टँक उपसून कोरडा केला होता. मला बोलावलं तेव्हा मी तळावर चावीने ठोकत फिरलो. अर्ध्याहून जास्त टाइल्स पोकळ वाजत होत्या आणि खोल बाजूच्या कोपऱ्यात टाइल्सच्या सांध्यातून नितळ पाणी झिरपत वर येत होतं. मालकांना वाटलं पाइप लीक आहे. पाइपांत पाण्याचा थेंब नव्हता. ते जमिनीचं पाणी होतं. दुरुस्तीसाठी टँक रिकामा करावाच लागला, तर आधी जवळच्या विहिरीत डोकावून पाणी किती खाली गेलंय ते बघावं.

हल्ली मालक मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवतात. पाणी स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या कडेच्या तोंडाच्या) खाली उतरवा, पाइपांत हवा मारा, अँटिफ्रीझ घाला, वर कव्हर टाका आणि उन्हाळ्यापर्यंत विसरून जा. जिथे पाण्याचा बर्फ होऊन पाइप फुटतात तिथे हे बरोबरच आहे. आपल्याकडे रात्री पारा आठ-दहावर आला तरी दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांचं ऊन असतं. टँकचं पाणी गोठत नाही, फक्त पोहवत नाही इतकं गार होतं. मोटर बंद आणि क्लोरीन संपलेलं, अशा पाण्यात ते दुपारचं ऊन शेवाळाला पुरतं.

करायचं ते फार नाही. पाणी फिल्टरमधून फिरवणारी मोटर उन्हाळ्यात सहा ते आठ तास चालते, ती थंडीत तीन-चार तास चालली तरी पुरे. एक एचपीची मोटर चार तासांत साधारण तीन युनिट घेते. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते माप, ७.२ ते ७.६ च्या दरम्यान असावा आणि क्लोरीन एक पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) खाली जाऊ देऊ नये. वर सांगितलेल्या मापाच्या टँकमध्ये एक पीपीएम चढवायला ९० टक्क्यांची टीसीसीए (टँकसाठी मिळणारी क्लोरीनची) पावडर ५० ग्रॅम लागते. ती संध्याकाळी टाकावी, कारण उन्हात क्लोरीन उडतं. गार पाण्यात आणि कुणी पोहत नसताना ते जास्त दिवस टिकतं, म्हणून खर्चही उतरतो. फिल्टरच्या घड्याळावर प्रेशर नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआय चढलं की बॅकवॉश करावा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवावा, आणि व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी मोटर बंद करावी. देशी बदामाचं झाड टँकवर झुकलेलं असेल तर थंडीत रोज जाळी मारायला हवी. त्याची लाल पानं तळाला बसली की टाइल्सवर चहाच्या रंगाचे डाग सोडतात आणि ते घासून सहजी जात नाहीत.

पाणी रोज उतरत असेल तर लीकेज शोधायलाही हाच काळ चांगला, कारण टँकमध्ये कुणी उतरत नाही. टँकच्या पाण्याने भरलेली बादली आतल्या पायरीवर ठेवा, बादलीच्या आतल्या आणि टँकच्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि मोटर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ती वाफ आहे. टँकमध्ये जास्त उतरलं असेल तर मात्र मिस्त्रीला बोलवा.

ताडपत्रीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. बंगला शनिवार-रविवारचा, थंडीत कुणी येत नाही, म्हणून वर ताडपत्री ओढून कडेला विटा ठेवतात. रात्रीचं दव आणि एखादा अवकाळी पाऊस यांनी ती मधोमध खोलगट होते आणि तिच्यावर गुडघाभर पाणी साचतं. त्यात वाकून बघितलं तर डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात. डेंगीच्या डासाला असंच साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, थंडीत थोडे जास्त, एवढाच वेळ जातो. शिवाय वरून ती घट्ट जमिनीसारखी दिसते. कुत्रं किंवा लहान मूल तिच्यावर चालत गेलं तर ताडपत्रीसकट आत जातं, आणि वर यायला वाट उरत नाही. झाकायचंच असेल तर चारी बाजूंनी हुकांना ताणून बांधलेली मजबूत जाळी घ्या. आणि शेततळ्यात दोर आणि ट्यूब सोडून ठेवतात, तसा एक जाड दोर कडेच्या कड्याला बांधून टँकमध्ये कायम सोडून ठेवा.

हे सगळं काम बहुतेक ठिकाणी रखवालदाराच्या अंगावर पडतं. मालक पुण्या-मुंबईला, आणि हा इथे बायकोमुलांसह मागच्या खोलीत. त्याच्या हातात पंपरूमची चावी दिलेली असते, बाकी कुणी काही शिकवलेलं नसतं. ॲसिडचा कॅन आणि ब्लीचिंग पावडरची गोणी मी एकाला एक चिकटून ठेवलेली बघितली आहे. त्या दोन्हींचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद पंपरूममध्ये तो माणसाचा जीव घेऊ शकतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडरही एका डब्यात कधी घालू नये. ओल लागली तर भडका उडतो, स्फोटही होतो. बादलीत आधी पाणी घ्यावं, मग त्यात औषध टाकावं, उलट कधीही करू नये. एवढं समजावायला एक दुपार लागते. मालकांनो, तेवढी दुपार काढा, आणि हातमोजे, चष्मा आणि पाणी तपासायचं किट विकत आणून त्याच्या हातात द्या.

आरोग्य विभागाचे कर्मचारी अळ्या तपासायला येतात तेव्हा त्यांना कुंड्या आणि ड्रम दाखवून फाटकावरून परत पाठवू नका, मागच्या टँकपर्यंत येऊ द्या. महापालिकेनेही बंगल्यांचे टँक या तपासणीत आवर्जून धरावेत, आणि महापालिकेच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतींनी.

रखवालदाराची मुलं दिवसभर टँकच्या कडेनेच खेळतात. ज्यांच्याकडे अजून कुंपण नाही त्यांनी चार फूट उंचीची जाळी आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर कडी असलेलं फाटक या थंडीतच बसवून घ्यावं. टँक वापरात नसतो, त्यामुळे मिस्त्री आणि फॅब्रिकेशनवाल्यांनाही कामाला मोकळी जागा मिळते.

आपला,
स्विमिंग टँकची देखभाल करणारा एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक