मॅडम, पान उलटून बघायला लावलंत त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली कोकणात झाल्याचं कळलं, तोवर तुम्ही चार्ज सोडून गेलाही होतात. नारळ-शालीचं राहूनच गेलं, म्हणून काकडीवरच्या केवडा रोगात तुम्ही केलेल्या मदतीबद्दल हे आभाराचं पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण काकडी, दोडका, कारली करणाऱ्या आणखी काही जणांनी ते वाचावं असं वाटतं. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. सरकारी नोकरीत नाव छापून आलं की कौतुकापेक्षा चौकश्याच जास्त होतात.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा भागात डावणी, म्हणजेच केवडा, म्हटलं की माणूस द्राक्षबागेकडं बोट दाखवतो. वेलवर्गीय भाजीचं पान पिवळं पडलं तर फोटो काढायचा, दुकानात दाखवायचा आणि तो देईल ती पिशवी घेऊन यायचं, ही इथली रीत. पिशवीत भुरीचं, करप्याचं, नागअळीचं, सगळंच औषध असतं. तुम्ही मात्र प्लॉटवर आलात तेव्हा औषधाचं नावच काढलं नाहीत. पानांवरचं दहिवर सुकायच्या आत आला होतात. बुडाकडचं जुनं पान धरून उलटं केलंत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. वरच्या बाजूला शिरांच्या मध्ये अडकलेले कोनाकोनाचे पिवळे डाग, आणि बरोब्बर त्याच डागांच्या पाठीमागं जांभळट राखाडी लव. भुरी पानावर पीठ सांडल्यासारखी दिसते, बोटाला लागते. हा केवडा पानामागं असतो आणि ऊन चढलं की लव नीट दिसतच नाही, हे तेव्हा कळलं. दुपारी काढलेल्या फोटोत तो सापडणार कुठून?

आम्ही याला बुरशी म्हणतो, पण ही खरी बुरशी नाही, असंही तुम्ही सांगितलंत. वाऱ्यावर आलेला बीजाणू, म्हणजे रोगाचं बारीक बी, ओल्या पानावर पडला की फुटतो, त्यातून पोहणारे बारीक जीव निघतात, ते पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्र, म्हणजे पानाचं बारीक छिद्र, गाठतात आणि आत शिरतात. वीस अंशांच्या आसपास गारवा असला तर पान दोन तास ओलं राहिलं तरी पुरतं. डाग दिसायला पुढं चार ते बारा दिवस. म्हणजे पिवळं पान हाती येतं तेव्हा ज्या रात्री रोग आत शिरला ती कधीच मागं पडलेली असते. हे एकदा डोक्यात बसल्यावर माझं पान बघणं कमी आणि आभाळ बघणं जास्त झालं. झिमझिम, ढगाळ, वारा पडलेला, सकाळी उशिरापर्यंत पानं ओली, असं दिसलं की मॅन्कोझेबची फवारणी आधीच घ्यायची. ते स्पर्शजन्य औषध. जिथं पडेल तिथंच राखण करतं, म्हणून नोझल खालून वर धरायचं. वरून नुसती भिजवणूक करणाऱ्या आमच्या गड्याला तुम्ही स्वतः पंप पाठीवर घेऊन दाखवलंत. तो अजून ते सांगत असतो.

पण खरे आभार मानायचे आहेत ते बांधापलीकडच्या दोडक्याबद्दल.

माझ्या पश्चिमेला भावकीतल्या दादांचा दोडका होता. तोडे संपत आलेले, वेल करपलेले, पण आठवड्याला दोन-चार क्रेट निघत, आणि बाजार बरा होता. तुमचं म्हणणं असं की हा रोग जिवंत वेलीशिवाय आपल्याकडं तगून राहत नाही. जुना प्लॉट थोडाही हिरवा उभा आहे तोवर पश्चिमेचा वारा माझ्या कोवळ्या काकडीवर रोज रोगाचं नवं बियाणं आणून टाकणार. बरोबर आहे. पण भावकीत "तुमचा प्लॉट उपटा" हे म्हणायचं कुणी? मी तर नाहीच. आमच्यात त्या बांधावरून आधीच दोन पिढ्यांचं बोलणं झालेलं आहे.

तुम्ही दादांना काहीच शिकवायला गेला नाहीत. त्यांच्याच दोडक्याचं पान तोडलंत, डब्यात ओला रुमाल अंथरून त्यावर पालथं ठेवलंत, झाकण लावलंत आणि डबा त्यांच्याच घरात ठेवून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा दादांनी स्वतः उघडला. पानाची पाठ करड्या लवेनं भरून आलेली. काकूंनी तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही, ती गोष्ट वेगळी. दादा इतकंच म्हणाले, "हे सगळं उडतंय होय?" आणि त्याच आठवड्यात वेल काढून खड्ड्यात पुरले. त्या क्रेटांच्या बदल्यात मी त्यांना काय दिलं हे आमचं आम्ही ठरवलं. तेही तुम्हीच सुचवलं होतंत, आणि बोलणी सुरू झाल्यावर चहा न घेता निघूनही गेलात.

दुसरी गोष्ट तोड्याची. डाग दिसल्यावर आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून आत पसरणाऱ्या, औषधाची वेळ आली, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न: "पुढचा तोडा कधी?" काकडी एक दिवसाआड तोडायची आणि माणसं ती कच्ची खाणार. लेबलवर हे पीक आहे का आणि फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, हे वाचल्याशिवाय झाकण फोडायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. एकाच गटाचं औषध लागोपाठ दोनदा न घेण्याचंही तसंच. इस्रायलमध्ये मेटॅलॅक्झिल हे केवड्यावरचं औषध बाजारात आल्यावर थोड्याच वर्षांत, 1980 च्या सुमारास, काकडीवरचा हाच केवडा त्याला जुमानेना झाला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा दुकानातल्या "हे रामबाण आहे"चा अर्थ लागला. नाव वेगळं, डबा वेगळा, आत घटक तोच, असं किती वेळा असतं हे आता मी डबा फिरवून बघतो. दुकानदाराला ते फारसं आवडत नाही.

माझ्या मेहुण्याचं खरबूज आहे, त्यालाही तुमचं सांगणं उपयोगी पडलं. खरबुजाच्या पानावर डाग काकडीसारखे कोनदार येत नाहीत, गोलसर, वेडेवाकडे येतात, त्यामुळं तो करपा धरून बसला होता. केवडा फळावर येत नाही, पण पाला जळाला की फळ उन्हात उघडं पडतं आणि गोडी भरत नाही. व्यापारी चाकूनं फोड काढून तोंडात टाकतो आणि दर तिथंच ठरतो. त्यानं या वेळी ओळींमधलं अंतर वाढवलंय आणि ठिबक संध्याकाळऐवजी सकाळी सोडतो.

केवडा गेला असं नाही. खालच्या पानांवर आलाच. पण शेंडा हिरवा राहिला, काकडी सरळ निघाली आणि तोडे लांबले. फवारण्याही कमी झाल्या, त्याचा हिशेब आमच्या सौभाग्यवतींनी वहीत मांडलाय. हवा असेल तर पाठवतो.

तिकडं आता तुमच्या वाट्याला पावसाळी तवशी, म्हणजे तिकडची काकडी, आलेली असेल. तुमच्या त्या मुसळधार पावसात मांडवावरच्या पानाला हा रोग कसा दिसतो, सवडीनं कळवा. दादाही विचारत होते. दोडका त्यांनी पुन्हा केलाय, या वेळी माझ्या काकडीच्या पूर्वेला.

आपला,
वाळवा तालुक्यातला एक काकडीवाला