आम्ही फ्रिस्कोला का येत नाही

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय निखिल,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हिरमुसलास, ते तुझ्या आवाजावरूनच कळलं. मृणालने तर आमची खोली कशी लावायची तेही ठरवून ठेवलं होतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. फोनवर आकडे सांगायला घेतले की अन्वी मध्ये येते आणि मुद्दा राहून जातो.

आम्ही टेक्सासला, तुमच्या फ्रिस्कोला, राहायला येणार नाही. पुढच्या वर्षी बाबा रिटायर झाले की एडिसनचं घर विकायचं, पेनसिल्वेनियात लॅन्सडेलला आधी वर्षभर भाड्याने राहायचं आणि ते गाव अंगवळणी पडलं तर तिथेच एका मजल्याचं छोटं घर घ्यायचं, असं आमचं ठरलं आहे.

रिटायर झाल्यावर कुठलं राज्य स्वस्त याची तू पाठवलेली शीट मी बाबांबरोबर बसून ओळ न ओळ वाचली. नऊ राज्यांत पगार-पेन्शनवर कर नाही, त्यात टेक्सास आणि फ्लोरिडा सगळ्यात वर. जॉर्जियात ६५ नंतर माणशी ६५,००० डॉलरपर्यंतचं रिटायरमेंटचं उत्पन्न माफ. नॉर्थ कॅरोलिनात कर कमी होत चालला आहे, आणि कॅरीला आपली इतकी माणसं आहेत की परकं वाटणार नाही. सगळं बरोबर आहे. पण ही शीट आम्ही दोघं आहोत असं धरून केलेली आहे. मी तीच शीट एकट्या माणसासाठी पुन्हा मांडली.

आमच्यातलं कोणी तरी एक मागे राहणार, बहुधा मीच. बाबांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, महिन्याला साधारण ३,२०० डॉलर येईल, माझी १,७००. एक जण गेला की मोठा चेक मागे राहणाऱ्याला मिळतो आणि छोटा बंद होतो. ४,९०० चे ३,२०० होतात. प्रॉपर्टी टॅक्स मात्र निम्मा होत नाही. इन्शुरन्स निम्मा होत नाही, बर्फ काढणारा निम्मे पैसे घेत नाही. फेडरल टॅक्स तर उलट जास्त बसतो, कारण ४०१(के) या रिटायरमेंटच्या खात्यातून तेवढेच पैसे काढले तरी रिटर्न सिंगल म्हणून भरायचा, करातली वजावट निम्मी आणि वरचा टप्पा लवकर लागतो. हे एकदा कागदावर मांडल्यावर कुठलं राज्य स्वस्त या प्रश्नाचं उत्तर बदललं. जिथे एकटीला ३,२०० आणि थोड्याफार बचतीत, कोणाची गाडी न मागता राहता येईल, ते माझ्यासाठी स्वस्त.

पद्मामावशी तुला आठवते ना? काका असताना ते दोघं फ्लोरिडाला गेले. घर छान, टॅक्स नाही, थंडी नाही. २०२२ मध्ये इयान वादळ आलं तेव्हा काका नव्हते. मावशीचं घर वाचलं, पण छप्पर जुनं म्हणून इन्शुरन्स कंपनीने पुढच्या वर्षी पॉलिसी द्यायला नकार दिला. नवं छप्पर घातल्याशिवाय कोणी दारात उभं करेना. छप्परवाल्यांचे अंदाज घेणं, कोण खरा कोण लुबाडणारा ते ओळखणं, एवढ्या रकमेवर सही करणं, सगळं तिने एकटीने केलं. ज्यांनी इमारतीत फ्लॅट घेतले त्यांची वेगळीच चिंता. मायामीजवळ सर्फसाइडची इमारत २०२१ मध्ये कोसळून ९८ माणसं गेली, त्यानंतर कायदे कडक झाले, आणि व्हायलाच हवे होते. पण जुन्या इमारतींत दुरुस्तीचा निधी आता भरावाच लागतो आणि महिन्याचा मेन्टेनन्स पेन्शनीत बसत नाही. टॅव्हारेसला शांतिनिकेतन म्हणून आपल्या लोकांची ५५ वर्षांवरच्यांची वसाहत आहे, तिथलं वातावरण मला मनापासून आवडतं. तरी वादळाच्या रस्त्यात एकटीने म्हातारपण काढायची माझी तयारी नाही.

आता टेक्सास. हिशेबात ते वाईट नाही. प्रॉपर्टी टॅक्स दणकून आहे, पण ६५ नंतर त्यातला शाळेचा भाग गोठतो. गारपिटीमुळे छपराचा इन्शुरन्स महाग, तोही एक वेळ भरला असता. माझी अडचण वेगळी आहे. फ्रिस्को डार्टमध्ये, म्हणजे डॅलसच्या बस-ट्रेन सेवेत, नाही, त्यामुळे ट्रेन नाही. मला रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत फुटतात हे तुला माहीत आहे. आणखी चार-पाच वर्षांत मी हायवेवर गाडी काढणार नाही. मग डॉक्टर, भाजी, देऊळ, सगळ्याला तू किंवा मृणाल. तुम्ही कराल, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण कंपनीने ऑफिस हलवलं म्हणून तू कॅलिफोर्नियातून तिथे गेलास. उद्या पुन्हा हलवलं तर? आम्ही तिथे आहोत म्हणून तू चांगली संधी सोडशील, किंवा आम्ही सत्तरीत तुझ्यामागे तिसऱ्या राज्यात सामान हलवू. दोन्ही मला नको. ताईलाही मी हेच सांगितलं. सिएटलला पाऊस आहे म्हणून नव्हे, तर तिचंही बस्तान अजून बसायचं आहे म्हणून.

मग न्यू जर्सी सोडायचंच कशाला, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. इथला सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेला, देशात सगळ्यात जास्त. आपला त्याहून थोडा अधिकच, आणि हप्त्याचा फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आला की बाबा गप्प होतात. स्टे एनजे योजनेत ६५ वर्षांवरच्या घरमालकांना प्रॉपर्टी टॅक्सची निम्मी रक्कम, ठरावीक मर्यादेपर्यंत, परत मिळायची सोय आहे. पण दर वर्षी बजेटमध्ये त्यासाठी पैसे निघायला हवेत, आणि त्यावर मी वीस वर्षांचा बेत आखणार नाही. मुख्य म्हणजे हे घर. कपडे धुवायचं मशीन तळघरात, स्वयंपाकघर मधल्या मजल्यावर, झोपायची खोली वर. बाबा हल्ली जिना उतरताना आधी उजवा पाय खाली टाकतात, मग डावा त्याच पायरीवर आणतात, आणि कठड्यावर दोन्ही हात ठेवतात. कपड्यांची टोपली हातात असली की कठडा धरता येत नाही, म्हणून ते ती आधी खाली ढकलून देतात. मी ऐकते आणि काही बोलत नाही. मनरोची ५५ वर्षांवरची वसाहतही पाहिली, कुलकर्णी काका-काकू तिथेच आहेत. घरं एकमजली, क्लबहाउस सुंदर. पण दूध आणायलासुद्धा गाडी लागते.

घर विकायचं ते दोघं असतानाच. नफ्यातले ५ लाख डॉलर नवरा-बायकोला माफ असतात, एकट्याला अडीच लाख. जोडीदार गेल्यावर दोन वर्षांच्या आत विकलं तर ५ लाखांची सवलत चालते, पण ज्याचं माणूस गेलं आहे त्याला तारखेकडे बघत घर रिकामं करायला लावू नये. शेवटच्या पाचांतली दोन वर्षं घरात राहिलेलं असलं की पुरतं, त्यामुळे भाड्याने राहून बघायलाही सवड आहे. एक्झिट टॅक्सचं सगळे घाबरवतात, तो वेगळा टॅक्स नाही. राज्य सोडून गेलेल्याने घर विकलं की आगाऊ रक्कम कापून घेतात आणि रिटर्न भरल्यावर हिशेब होतो.

लॅन्सडेल का, तर पेनसिल्वेनियात सोशल सिक्युरिटीवर, पेन्शनवर, साठीनंतर ४०१(के) आणि आयआरए या रिटायरमेंटच्या खात्यांतून काढलेल्या पैशांवर राज्याचा कर नाही. व्याज आणि डिव्हिडंडवर सरसकट ३.०७ टक्के. ६५ नंतर बसचा प्रवास फुकट, आणि तो राज्याच्या लॉटरीच्या पैशांतून, कारण तिथली लॉटरी ज्येष्ठांसाठीच चालवतात. गावाच्या मध्यावर स्टेशन आहे, तासाभरात फिलाडेल्फिया आणि तिथली मोठी हॉस्पिटलं. २०२५ मध्ये सेप्टाने, म्हणजे तिथल्या बस-ट्रेन सेवेने, पैशांअभावी फेऱ्या कमी केल्या होत्या, मग परत सुरू केल्या, म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. पण स्टेशनजवळ घर घेतलं तर वाणसामान, लायब्ररी, औषधांचं दुकान पायी जमतं. मी मुद्दाम भर जानेवारीत, फुटपाथवर बर्फ असताना चालून पाहिलं. शॅलफाँटला भारतीय मंदिर जवळ आहे, आणि गणपतीला मराठी विश्व या मंडळाच्या कार्यक्रमाला दीड तासाच्या आत एडिसनला येता येईल. इतक्या वर्षांच्या मैत्रिणी सोडून जात नाही याचं मला फार समाधान आहे.

आता त्या राज्याच्या दोन गोष्टी तुम्हा मुलांच्या अंगावर येतात, त्या आमच्याकडूनच कळाव्यात. पहिली, आमच्यामागे जे राहील त्यावर तिथे मुलांना साडेचार टक्के वारसा कर आहे. न्यू जर्सीत मुलांना तो नाही. दुसरी जास्त गंभीर. आईवडील गरजू असतील तर मुलांनी त्यांचा खर्च करावा असा तिथे जुना कायदा आहे, आणि २०१२ मध्ये तिथल्या कोर्टाने एका मुलाला आईच्या नर्सिंग होमचं सुमारे ९३,००० डॉलरचं बिल भरायला लावलं. हे वाचून मला रात्रभर झोप आली नाही. मेडिकेअर, म्हणजे ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, नर्सिंग होमचे पैसे फार तर १०० दिवस देतं, तेही हॉस्पिटलनंतरच्या उपचारांसाठी. नुसतं जेवू-खाऊ घालायला, अंघोळ घालायला माणूस लागलं तर ते देत नाही. म्हणून घर विकून नवं छोटं घर घेतल्यावर जे उरेल, ते या एकाच कामासाठी वेगळ्या खात्यात राहील. ना पुण्याचा फ्लॅट दुरुस्त करायला, ना अन्वीच्या कॉलेजला. कॉलेजसाठी मागशील तरी देणार नाही. ते पैसे म्हणजे तुम्हा दोघांच्या डोक्यावर येऊ शकणारं ओझं आहे, असं समज.

मेडिकेअरचं म्हणशील तर बाबांना शुगर आहे, त्यामुळे वेळ चुकवून चालणार नाही. पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरमधून उरलेला खर्च भरणारी खासगी पॉलिसी, कोणतीही कंपनी तब्येतीवरून नाकारू शकत नाही. नंतर बहुतेक राज्यांत तब्येत विचारतात. मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे मेडिकेअरऐवजी घ्यायचा खासगी कंपनीचा प्लॅन, काउंटीपुरतं आणि ठरलेल्या डॉक्टरांपुरतं. आम्हाला साधं मेडिकेअर आणि मेडिगॅपच हवं, म्हणजे तुझ्याकडे दोन महिने राहिलो आणि काही झालं तर फ्रिस्कोतही मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येईल.

पुण्याला परत जायचं बाबांच्या मनात अधूनमधून येतं. सोशल सिक्युरिटी तिथे येते, मेडिकेअर येत नाही. मेडिगॅपच्या काही प्लॅनमध्ये परदेशात अचानक आजारी पडलं तर खर्च मिळतो, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच दुखणं यायला हवं. म्हणून डिसेंबर-जानेवारी कोथरूडला, बाकी वर्ष लॅन्सडेलला. कायमचं नाही. आत्याचे गुडघे आमच्याहून वाईट आहेत, तिच्यावर आम्ही कसं अवलंबून राहायचं?

बाबांना तुझ्या घराशेजारी राहायची फार हौस होती, हे तुला सांगते, कारण ते सांगणार नाहीत. अन्वीला शाळेतून आणायला मिळेल म्हणून त्यांनी तुझ्या गल्लीतली घरंही इंटरनेटवर पाहिली होती. तरी एकट्या माणसाची शीट बघून त्यांनीच पेनसिल्वेनिया म्हटलं. तेव्हा त्यांना फोनवर पुन्हा आग्रह करू नकोस. त्यापेक्षा अन्वीची उन्हाळ्याची सुट्टी आमच्याकडे ठरवून टाका, ते तिला ट्रेनने फिलाडेल्फियाला नेतील.

तुझ्याकडून एक हवं आहे. नवीन राज्यात गेलो की पॉवर ऑफ अॅटर्नी आणि हेल्थकेअरचे कागद तिथल्या वकिलाकडून नव्याने करून घ्यायचे आहेत. पैशांचे निर्णय कोणी घ्यायचे आणि हॉस्पिटलचे कोणी, हे तू आणि ताई आपसात बोलून ठरवा. मला वाटतं हॉस्पिटलचं ताईकडे असावं, ती घाबरत नाही, आणि पैशांचं तुझ्याकडे. पण तुमचं दोघांचं वेगळं मत असलं तर आम्ही ऐकू. पुढच्या रविवारी तिला लाइनवर घेऊनच फोन कर.

मृणालला आशीर्वाद, अन्वीला पापा.

तुझी,
आई