स्टॅम्पिंगची ऑर्डर देण्याआधी सल्लागाराला बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योजकांच्या मेळाव्यांत 'तज्ज्ञ सल्लागार नेमा' असे हमखास सांगितले जाते आणि इंडक्शन मोटर बनवणारे अनेक कारखाने तसा सल्लागार नेमतातही. पण त्याला निरोप जातो तो मोटर चाचणीत नापास झाल्यावर. तोवर स्टॅम्पिंगची, म्हणजे मोटरच्या लोखंडी गाभ्याचे (कोअरचे) पातळ पत्रे कापण्याची, डाय बनलेली असते, पत्रा गोदामात येऊन पडलेला असतो आणि सल्लागाराच्या हातात वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करण्यापलीकडे काही उरत नाही. तो डायच्या ऑर्डरीआधी आला पाहिजे आणि माल गेटबाहेर पडेपर्यंत त्याचा शब्द चालला पाहिजे.

दहा एचपीची, म्हणजे ७.५ किलोवॉटची चार पोल मोटर घ्या. आयई२ या कार्यक्षमता वर्गात तिची कार्यक्षमता ८८.७ टक्के लागते, त्यावरच्या आयई३ मध्ये ९०.४. फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब वॉटमध्ये मांडा. आयई२ मोटरमध्ये साधारण ९५५ वॉट उष्णतेत जातात, आयई३ मध्ये ७९६. एक षष्ठांश नुकसान कमी करायचे आहे आणि ते नुसते तांबे वाढवून होत नाही. स्लॉटमध्ये, म्हणजे कोअरच्या खाचेत, तार ठासून भरली की घालतानाच तिच्यावरचे इनॅमलचे आवरण खरवडते आणि मोटर सहा महिन्यांत आतल्या आत शॉर्ट होते. कोअरची लांबी वाढवून बॉडी जुनीच ठेवली, तर कॉइलचे डोके एंड कव्हरला टेकते. पत्र्याचा दर्जा, स्लॉटचा आकार, कोअरची लांबी आणि तारेचा गेज एकत्रच ठरवावे लागतात.

ग्राहकाकडे काय होईल, हेही सल्लागाराने आधीच सांगायला हवे. आयई३ मोटरची स्लिप, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा मोटर मागे पडण्याचे प्रमाण, कमी असते. जुनी मिनिटाला १४४० फेऱ्यांवर चालत होती, नवी १४६० वर चालते. पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप असेल तर लोड वेगाच्या घनाने वाढतो, म्हणजे जवळपास ४ टक्के जास्त. 'नवी मोटर जास्त अँपिअर घेते' ही तक्रार बरेचदा इथूनच येते. मोटरमध्ये दोष नसतो, पुली बदलावी लागते किंवा पंपाचा इंपेलर (आतले फिरते चाक) थोडा ट्रिम करावा लागतो. सुरू होतानाचा करंटही जास्त असतो, म्हणून स्टार्टर आणि ब्रेकर तपासण्याची सूचना मोटरसोबतच गेली पाहिजे.

शॉप फ्लोअरवर सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे डायची धार. ती बोथट झाली की ०.५ मिमी पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे बारीक धारदार कोर, येते. ही बर शेजारच्या पत्र्याचे कोटिंग फोडते, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि लोखंडातले नुकसान वाढते. हे डोळ्यांना दिसत नाही, नो-लोड वॉटमध्ये, म्हणजे भाराशिवाय चालताना मोटर घेते त्या वॉटमध्ये, दिसते. प्रत्येक मोटरचे नो-लोड वॉट वहीत लिहा. बॅचमागून बॅच आकडा चढत असेल, तर डाय ग्राइंडिंगला काढा. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, लेथवर बोथट टूलने टर्न केला तरी असेच होते, बाहेरचे पत्रे एकमेकांवर लिंपले जातात. त्यातच जास्त कट घेतला, तर रोटर आणि बाहेरच्या स्थिर भागामधली ०.३ ते ०.४ मिमीची एअर गॅप वाढते आणि नो-लोड करंट चढतो.

रोटरच्या ॲल्युमिनियम कास्टिंगमधली पोकळी बाहेरून कळत नाही. प्रत्येक रोटर वजन करून घ्या, हलका भरला की बाजूला ठेवा. शंका असेल तर जोडलेल्या मोटरला कमी व्होल्टेजवर एकच फेज द्या आणि शाफ्ट हाताने हळू फिरवत अँमीटर पाहा. काटा स्थिर राहिला तर ठीक. फिरवताना तो ठरावीक जागी डुलत असेल, तर रोटरमधला ॲल्युमिनियमचा बार तुटलेला किंवा पोकळ आहे.

व्हार्निशचे काम महिनाअखेरीच्या घाईत बिघडते. वाइंडिंग आधी ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून ओलावा काढायचा, कोमट झाल्यावर बुडवायचे, बुडबुडे थांबेपर्यंत आत ठेवायचे, निथळू द्यायचे आणि व्हार्निश कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, सांगितलेले तास भाजायचे. घाईत वरून सुकलेले वाइंडिंग स्लॉटच्या आत चिकट राहते. एखादी कॉइल अधूनमधून कापून पाहिल्याशिवाय हे उमगत नाही.

तापमानवाढीची चाचणी बॉडीला हात लावून करू नये. लोडवर तापमान स्थिर झाल्यावर मोटर बंद करा आणि ३० सेकंदांच्या आत वाइंडिंगचा रेझिस्टन्स घ्या. समजा थंड असताना ३० अंशांना तो १.२० ओहम होता आणि आता १.५६ आहे. तांब्यासाठी २३५ अधिक ३० म्हणजे २६५, त्याला १.५६ भागिले १.२० म्हणजे १.३ ने गुणा, २३५ वजा करा. वाइंडिंग १०९.५ अंशांवर आहे. चाचणी संपताना हवा ३२ अंश असेल, तर वाढ ७७.५. क्लास बी या इन्सुलेशन वर्गाची तापमानवाढीची मर्यादा ८० अंश, म्हणजे मोटर काठावर पास झाली आहे. जास्त उष्णता सोसणारे क्लास एफ इन्सुलेशन वापरून वाढ बी च्या आत ठेवणे हेच योग्य, कारण दर १० अंशांमागे इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते आणि विदर्भातला उन्हाळा चाचणीच्या खोलीत नसतो.

एक माणूस हे सगळे जाणत नाही. डिझाइन सॉफ्टवेअर येणारा प्राध्यापक हवा, तसाच हयात मोटर भरण्यात घालवलेला फोरमनही हवा. कास्टिंगला वेगळा माणूस लागतो. पत्रा विकणाऱ्याने पाठवलेला 'मोफत सल्लागार' मात्र पत्र्याच्या निवडीत घेऊ नये. सल्ला लेखी असावा आणि नापास बॅच थांबवण्याचा अधिकार करारात नमूद असावा. मालकांना हे जड जाते, पण त्याशिवाय सल्लागाराची नुसती सही मिळते.

परत आलेली जळकी मोटर भंगारात किंवा भरायला देण्याआधी सल्लागारासमोर उघडा. स्टार जोडणीत दोन फेज काळे आणि तिसरा स्वच्छ, किंवा डेल्टात एकच काळा, तर पुरवठ्यातला एक फेज गेला होता. तिन्ही सारखे काळे असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा मोटर थंड ठेवणारा पंखा अडला होता का, ते तपासा. एकाच जागी, स्लॉटच्या तोंडाशी भोक पडले असेल, तर दोष आपल्या कारखान्यातला असण्याची शक्यता जास्त. मोटरला चिठ्ठी बांधा: बॅच नंबर, बसवल्याची तारीख, स्टार्टर कोणता, जागेवरचे व्होल्टेज किती. अशा वीस चिठ्ठ्या जमल्या की पुढची डाय कशी हवी, ते ठरवायला सल्लागाराकडे काहीतरी असेल.

– मोटर डिझाइन व चाचणी क्षेत्रातील एक वाचक, कोल्हापूर