तलावाची पाळ चूल मांडण्यासाठी नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदशेकणीच्या सकाळी, बैल धुवायला आमच्या गावच्या तलावावर गेलो, तेव्हा पाळीच्या आतल्या उतारावर तीन चुली मांडलेल्या दिसल्या. आदल्या रविवारी कुणीतरी रोडग्यांचा बेत केला असावा. गोवऱ्यांची राख, वांग्यांचे देठ आणि कागदी पत्रावळी तिथेच पडल्या होत्या आणि चुलीसाठी लागलेले नऊ-दहा दगड पाळीच्या पिचिंगमधून, म्हणजे लाटांपासून पाळ राखणाऱ्या दगडांच्या थरातून, उपसून काढलेले होते. दगड निघालेल्या जागी गुडघाभर खळगा पडला होता, पाण्याची प्रत्येक लाट त्यात शिरून थोडी काळी माती घेऊन परत जात होती आणि त्या ठिकाणचे पाणी गढूळ दिसत होते. बैलांना काठावर उभे ठेवून मी जमले तेवढे दगड पुन्हा बसवले, पण मुळातल्यासारखे एकमेकांत घट्ट बसलेले दगड हाताने परत तसे बसत नाहीत.

हा तलाव बहात्तरच्या दुष्काळातील कामांतून उभा राहिला. माझ्या आईने या पाळीवर घमेल्याने माती टाकली आहे. त्यामुळे मी लिहितो त्यात आपुलकीचा भाग आहे, हे आधीच सांगतो, परंतु मुद्दा आपुलकीपुरता मर्यादित नाही. पाळीखाली नाल्याच्या दोन्ही अंगांना आमची शेते आहेत आणि त्यांच्या पुढे अर्ध्या कोसावर गावाचा खालचा मोहल्ला आहे.

मातीचे धरण कसे टिकते, हे तिथे फिरायला येणाऱ्या बहुतेकांना कुणी कधी सांगितलेलेच नाही. मध्ये काळ्या चिकण मातीचा दाबून भरलेला गाभा, दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण, पाण्याच्या अंगाने लाटांचा मार सोसणारे दगड आणि कोरड्या अंगाने माती धरून ठेवणारे गवत, अशी त्याची रचना असते. यातील एकेक गोष्ट दुसरीला सांभाळते. दगड काढले की लाट थेट मुरमाला लागते. कोरड्या उतारावरून मोटारसायकल चढवण्याची पैज लागते, तेव्हा गवत निघून चाकोरी पडते आणि पुढच्या पावसाचे पाणी त्याच चाकोरीतून वाहत तिची घळ करते. पाळीच्या माथ्यावरून चारचाकी नेल्या की माथा मध्येच खचतो, आणि तलाव काठोकाठ भरला असताना पाणी पाळीवरून वाहायचे झालेच, तर ते त्या खचलेल्या जागेतूनच जाते. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले की तिला वाचवायला फार वेळ हाती राहत नाही.

सांडव्याची, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेची, स्थिती मला अधिक चिंतेची वाटते. पावसाळ्यात मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळी आणि बांबूची ताटी लावली जाते. मासेमारांची अडचण खरी आहे, कारण ठेक्याची रक्कम भरून सोडलेले मत्स्यबीज डोळ्यांदेखत नाल्यात जाताना पाहणे कुणालाही जड जाईल. पण त्या जाळीत बेशरमाची झुडपे, तुटलेल्या फांद्या आणि आता फिरायला येणाऱ्यांनी टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात आणि सांडव्याची वाट अर्धी बुजते. सांडवा हा तलावाचा जीव वाचवणारा रस्ता आहे. तो अरुंद झाला की पाण्याची पातळी पाळीच्या माथ्याकडे चढू लागते. पावसाळा संपताना दोन पाणी जास्त मिळावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणारे आम्ही शेतकरीही या दोषातून सुटत नाही. मी स्वतः एका वर्षी पोती रचायला मदत केली होती. परतीच्या पावसाने त्या वर्षी आम्हाला धडा शिकवला नाही, एवढेच आमचे नशीब.

आता माणसांच्या जिवाविषयी. तलावाचा काठ वरून सपाट दिसतो, पण गाळ आणि मुरूम काढण्यासाठी उन्हाळ्यात पोकलेन चालल्यामुळे तळाला जागोजागी उभ्या कडांचे खड्डे झाले आहेत. गाळ काढणे चांगलेच आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून आमच्या बरड जमिनीवर पडलेल्या गाळाचा गुण मी पिकात पाहिला आहे. परंतु उतार न राखता खोदलेला खड्डा पाण्याखाली गेला की तो दिसत नाही. कमरेएवढ्या पाण्यात चालणारा मुलगा पुढच्या पावलाला दोन पुरुष पाण्यात जातो आणि वर येण्यासाठी पाय टेकवावा तर काळी माती साबणासारखी सरकते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा एक मुलगा असाच गेला होता. जवळच जाळे ओढत असलेल्या भोई बांधवांनी ट्यूब पुढे ढकलली आणि दोर टाकला, म्हणून तो वाचला. त्याच्या मित्रांपैकी दोघे पोहणारे होते आणि दोघेही घाबरून त्याच्यामागे उडी घेण्याच्या बेतात होते. त्या वृद्ध भोयांनी ओरडून त्यांना थांबवले नसते, तर एकाच्या जागी तिघे गेले असते. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो. म्हणून आधी दोर, धोतर, ओढणी, रिकामी कॅन, जे हाताशी असेल ते फेकावे, हे आमच्या शाळांतून शिकवले गेले पाहिजे.

विदर्भाला हे नवे नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात फिरायला गेलेल्या तरुणांची नाव उलटली. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच आप्तपरिवारातील माणसे बुडाली. दोन्ही वेळी काही दिवस हळहळ झाली, आणि पुढच्या पावसाळ्यात लोक पुन्हा तसेच पाण्यावर गेले.

धरणाच्या बाजूने पाहिले तर २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसे प्राणांस मुकली. पाण्याची गळती होत असल्याची तक्रार तेथील ग्रामस्थांनी आधीच केली होती, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. आमच्या पाळीच्या पायथ्याशी एप्रिल महिन्यात, सगळे शिवार करपलेले असताना, दहा-बारा हात लांबीची एक हिरवीगार पट्टी दिसते. पाझर असणे मातीच्या धरणाला नवीन नाही आणि पाझराचे पाणी स्वच्छ असेल तर लगेच घाबरण्याचे कारण नसते. पण त्याच पाण्यात माती येऊ लागली तर पाळ आतून पोखरली जात आहे असे समजायचे असते. हा फरक पाहायला दर पंधरवड्याला कुणीतरी तिथे वाकून पाणी ओंजळीत घ्यावे लागते. ते काम कोणाचे, हे विचारण्यासाठी मी संबंधित कार्यालयात दोनदा अर्ज दिला. पहिल्या वेळी तलाव दुसऱ्या खात्याकडे असल्याचे सांगण्यात आले, दुसऱ्या खात्याने हस्तांतरणाचे कागद शोधत असल्याचे कळवले.

२०२१ च्या धरण सुरक्षितता अधिनियमाने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची केली, हे स्वागतार्ह आहे. मात्र तो कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. आमची पाळ जेमतेम ९ मीटरची आहे. विदर्भातील गावोगावचे पाझर तलाव, गावतलाव आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांतील शेकडो वर्षांचे, मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातील मालगुजारी तलाव यांतील बहुतेक असेच या मापाबाहेर राहतात. खालच्या मोहल्ल्यातील माणसाला पाण्याचा लोंढा ९ मीटरच्या पाळीचा होता की १६ मीटरच्या, याने काही फरक पडत नाही.

तलावावर येणे बंद करावे, अशी माझी मागणी नाही. ‘पोहण्यास सक्त मनाई आहे’ असा गंजलेला फलक आमच्याकडे गेली कित्येक वर्षे उभा आहे आणि त्याच्याच खांबाला कपडे अडकवून मुले पाण्यात उतरतात. आमच्या गावात बाग नाही, मैदान नाही, संध्याकाळी बायका-मुलांना घेऊन बसावे अशी दुसरी जागा नाही. तलाव गावाचा आहे, त्यावर गावाने यावे. मात्र पाळ आणि सांडवा सोडून, पूर्वेच्या अंगाला जिथे काठ खडकाळ आणि उतरता आहे, तिथे एक जागा नेमून द्यावी. त्या ठिकाणी चुलींसाठी दगडी ओटे असावेत, उथळ पाण्याची हद्द दाखवणारा दोर आणि पिंपे असावीत आणि खांबाला कायम टांगलेली ट्यूब असावी. पाळीच्या दोन्ही टोकांना वाहन जाऊ नये असे दगडी खुंटे रोवले, तर खर्च फार नाही. भोई समाजातील पट्टीच्या पोहणाऱ्यांना रविवारी आणि सणावारी मानधन देऊन नेमल्यास ते काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कुणी करणार नाही.

ग्रामपंचायतीने ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा, यासाठी मी येत्या ग्रामसभेत विषय मांडणार आहे. तलाव कोणत्या खात्याचा, हे जिल्हाधिकारी महोदयांनी एकदा लेखी ठरवून द्यावे आणि त्या खात्याच्या अभियंत्याने पावसाळा सरताच पाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालून पाहणी करावी, तिचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा, एवढी विनंती आपल्या पत्राच्या माध्यमातून करतो. ते येतील त्या दिवशी हिरवी पट्टी आणि चुलीचे खळगे दाखवायला मी हजर राहीन.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ