उंदीर संध्याकाळी उठतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताणतणावावरच्या औषधांचे उंदरांवर प्रयोग झाल्याच्या बातम्या विज्ञान पानावर येतात. ताणाचं संप्रेरक (हार्मोन) किती घटलं ते छापलं जातं, पण रक्त किती वाजता घेतलं ते नसतं. फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये माझी सगळी नोकरी झाली, म्हणून राहवत नाही.

आपलं ताणाचं संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. ते पहाटे चढतं, जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक असतं. उंदीर निशाचर. त्याचं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, दिवे मालवायच्या वेळी शिखरावर आणि सकाळी तळाला. एका गटाचं रक्त सकाळी नऊला, दुसऱ्याचं दुपारी चारला काढलं, तर औषधाचा थेंबही न देता फरक दिसतो! डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तो नष्ट केला की ही रोजची चढउतार थांबते, हे १९७२ सालीच उंदरांवर दिसलं. त्यात पिंजऱ्यातून उचलल्यावर साधारण तीन मिनिटांत रक्त घ्यावं लागतं, नाहीतर मोजमापात आपल्या हाताची भीतीच उतरते.

आता मराठवाड्यातली गोष्ट. आमच्याकडे बारा तास उजेड, बारा तास अंधार असा टायमर होता, साधा, विजेवर चालणारा. भारनियमनात लाईट चार तास गेली की टायमरही चार तास मागे पडायचा. म्हणजे उंदरांची संध्याकाळ रात्री दहाला! मी रोज घड्याळ लावून तो जुळवायचो, पण रजेवर गेलो की कुणी हात लावत नसे. वहीत मात्र ‘१२ तास उजेड’ इमानेइतबारे लिहिलेलं. उजेडाची वेळ सरकली की उंदराचं अंग जुळायला कित्येक दिवस लागतात, आणि रक्त तर दुसऱ्याच दिवशी घेतलं जायचं. त्या मुक्या जिवांचा जीव गेला, आकडे मात्र कुणाच्याच कामाचे नव्हते. याचं मला आजही वाईट वाटतं.

परवानगी देणाऱ्या समित्यांनी प्राण्यांची संख्या विचारावीच, पण टायमरला बॅटरी आहे का आणि लाईट गेल्याची नोंद कुठे आहे, हेही पाहावं. आणि संपादक महोदय, पुढच्या बातमीत उंदीर किती होते ते छापाल, तिथेच दिवे कधी लागले आणि रक्त किती वाजता घेतलं, एवढं संशोधकांना विचारून छापा.

– एक निवृत्त प्राणिगृह सहायक, परभणी