बदल कधी टिपला, ते लिही

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुकडीप्रमुखांच्या मूल्यमापनाचा तुझा आराखडा वाचला. ‘परिस्थितीशी जुळवून घेणे : १ ते ५’ हा रकाना आधी काढून टाक. त्यात परीक्षकाचं एकूण मत तेवढं उतरतं. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये हे दाखवलं, तेही सैन्यात वरिष्ठांनी दिलेल्या गुणांवरूनच : शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, सगळे गुण एकमेकांना नको तितके चिकटलेले. उंचापुरा, खणखणीत आवाजाचा माणूस आजही सगळ्याच रकान्यांत पुढे जातो.

त्यापेक्षा घड्याळ लाव. आठ-दहा जणांची तुकडी सरावात मार्गी लागली की एक बदल घाल : ठरलेली वाट बंद, किंवा वायरलेस मुका, किंवा दुय्यम प्रमुख जखमी. मग तीन वेळा टिपायच्या. बदल लक्षात कधी आला, खात्री कधी केली, नवा हुकूम कधी सुटला. पहिल्या दोन्हींत मोठं अंतर असेल तर माणूस बदल पाहूनही जुनीच योजना रेटत होता. खात्रीची वेळच कोरी असेल तर त्याने अंदाजावर हुकूम सोडला.

एक-दोन बदल मात्र फसवे ठेव, म्हणजे ज्यांनी योजनेला काहीच धक्का लागत नाही असे. तेवढ्यानेही योजना मोडणारा माणूस लवचिक नव्हे, उतावळा. हे न केल्यास तुझी चाचणी नुसत्या धावपळीला गुण देईल.

बुद्धीच्या बाजूला लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाचं १९४२ चं भांड्यांचं कोडं बघ. २१, १२७ आणि ३ मापांची भांडी, पाणी हवं १००. मोठ्यातून पहिलं एकदा, तिसरं दोनदा वजा. अशी चार-पाच गणितं सुटली की २३, ४९, ३ देऊन २० माग. बरेच जण तीच लांबलचक वजाबाकी करतात, २३ मधून ३ काढले की झालं हे दिसतच नाही. मैदानावर होते ती चूक हीच. पण कोडं एकदाच चालतं. पुन्हा दिलंस तर आठवणीची परीक्षा होते.

सरावालाही तीच अडचण. पहिली तुकडी परतली की बातमी पुढच्यांपर्यंत जेवणाआधी पोचते. म्हणून तितक्याच अवघड बदलांचे तीन-चार संच आधीच बनव.

अनुभवी माणूस ओळखीचा प्रसंग पाहताच निर्णय घेतो. ते चांगलंच, पण ती ओळख आहे, लवचिकता नव्हे. त्याला अनोळखी प्रसंग दे. नंतर विचार, ‘काय दिसलं असतं तर ही योजना सोडली असतीस?’ उत्तरात नेमकी खूण सांगतो का, ते बघ.

दोन परीक्षक असतील तर चर्चेआधी दोघांचे कागद गोळा कर. आणि झोप पुरी झालेल्यांची तुलना रात्रभर जागलेल्यांशी करू नकोस.

तुझे बाबा